रिकाम्या गावात चालू राहिलेला फोन

सोयाबीन निघायला लागलं की इथं नांदेडात घरात बसूनही मला कळतं. आधी नाकाला कळतं. मोंढ्याकडं, म्हणजे धान्यबाजाराकडं, जाणारे ट्रॅक्टर घरावरून जातात, त्यांच्यामागं ते बारीक पिवळं भुस्कट उडतं, गच्चीवरच्या साड्यांवर बसतं आणि दिवसभर मान खाजत राहते. लोकांना या दिवसांत दसरा-दिवाळीची चाहूल लागते. मला लागते ती बेचैनी. एका जागी बूड टेकत नाही. चहा ठेवते आणि गॅससमोरून निघून जाते. फोन उचलते, रेंज बघते, चार्जिंग बघते, आवाज चुकून बंद तर नाही ना ते बघते, ठेवते, परत उचलते. आमचे हे रिटायर मास्तर, घरीच असतात. ते पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "सुरू झालं का तुझं? बघून बघून फोन वाजत नसतो." मी म्हणते, "तुम्ही तुमचं शब्दकोडं सोडवा." पण त्यांचं खरंच आहे. बघून वाजत नाही. वर्षभर बघते आहे.

गेल्या वर्षीच्या सोयाबीनला मी लातुरात होते. तीस वर्षं सिस्टर म्हणून सरकारी दवाखान्यात काढली, शेवटची काही हिमायतनगरकडं, आणि रिटायर झाल्यावर महिन्याभरातच घर खायला उठलं. तेव्हा लातूरच्या एका संस्थेनं विचारलं, आमची एक फोनलाईन आहे, त्यावर बसायला अनुभवी सिस्टर पाहिजे, येता का? बहीण लातूरलाच असते. मी पिशवी भरली आणि निघाले. मास्तर म्हणाले, "फोनवर बोलायला पगार देतात? मग तुला फार आधी नोकरी लागायला पाहिजे होती."

काम सांगायला सोपं होतं. नशेच्या गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शन घेणारी माणसं मरतात ती बऱ्याचदा एकटी असताना मरतात. जास्त झालं की माणूस गुंगीत जातो, श्वास हळूहळू कमी होत जातो, आणि शेजारी कोणी असलं तर वाचवता येतं, कारण त्यावर उतारा आहे, दवाखान्यात मिळतो. पण शेजारी कोणी असतंच कुठं? लाजेपायी माणूस कडी लावून घेतो. म्हणून हा फोन. घेण्याआधी त्यानं आम्हाला फोन लावायचा, पत्ता सांगायचा, दाराची कडी काढून ठेवायची, आणि फोन चालू ठेवून आमच्याशी बोलत राहायचं. नाव खरं सांगायची सक्ती नाही. बोलणं बंद पडलं, हाका मारूनही उत्तर आलं नाही, की आम्ही अँब्युलन्स पाठवायची. तो नीट उठून बसला की पत्त्याचा कागद फाडून टाकायचा. घरी सांगायचं नाही, आपणहून फोन करायचा नाही, उपदेश करायचा नाही.

उपदेश करायचा नाही! तीस वर्षं वॉर्डात ज्या बाईनं पेशंटला, त्याच्या बायकोला, त्याच्या मामाला, प्रसंगी डॉक्टरलासुद्धा झाडलेलं, तिला ही अट. पहिलाच फोन आला तो एका ट्रक ड्रायव्हरचा. मी फाडकन म्हणाले, "अहो, पण घेताच कशाला?" तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला. परत कधी लावला नाही. संस्थेतली एक पोरसवदा डॉक्टरीण मला म्हणाली, "सिस्टर, रागवायला त्यांच्याकडं सगळं गाव आहे. आपण फक्त लाईनवर राहायचं." माझ्या अर्ध्या वयाची. राग आला, पण तिचं म्हणणं पटलं म्हणूनच जास्त आला. त्या ड्रायव्हरचं काय झालं, हे मला माहीत नाही. माहीत नसणं हाच या कामाचा मोठा भाग आहे, आणि माझ्या स्वभावाला तेच झेपत नाही.

आमची खोली मोंढ्याच्या मागं होती. खिडकी उघडली की भुस्कट, बंद केली की उकाडा. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापायचं. टेबलावर एक फोन, पत्ते लिहायचे कागद, पाण्याची बाटली, आणि मी. त्या सीझनला मी लातूर जिल्हा कानांनी पाहिला असं म्हटलं तरी चालेल. कोणाच्या मागं शेळी ओरडायची, कोणाच्या घरी कुकरच्या शिट्ट्या, कोणाच्या खोलीत पोरं मोठ्यानं फिजिक्सची सूत्रं पाठ करायची. उदगीरचा एक हमाल होता, तो बोलायला काहीच नसायचं म्हणून त्या दिवशी आलेल्या धान्याचे भाव सांगत बसायचा. मी ऐकायचे. मला तूर, हरभरा, मूग सगळं पाठ झालं होतं. शेवटी म्हणायचा, "चला मॅडम, जिवंत हाय," आणि ठेवायचा. मी कागद फाडायचे. असा कागद फाडताना जे सुख वाटतं, ते पेन्शनच्या कागदानंही वाटलं नव्हतं.

मला वाटायचं, दुपारी फोन कमी येतील. उलट झालं. सोयाबीनच्या दिवसांत गावं रिकामी होतात. पाऊस कधी येईल नेम नसतो, शेंगा तडकायच्या आत काढणी उरकायची असते, म्हणून बायका टोळ्या करून गुत्त्यानं, म्हणजे ठरलेल्या रकमेत, काढणी घेतात आणि सकाळी अंधारातच रानात जातात. शेंगांची टोकं टोचतात म्हणून हाताला जुने पायमोजे चढवतात. म्हातारीकोतारी बांधावर पोरं सांभाळतात. मळणीयंत्राला तिकडं हडंबा म्हणतात, त्याच्यावर सगळे गडी. गावात दुपारी कुलपं, कुत्री, आणि जो रानात जाऊ शकत नाही तो. आणि जो रानात जाऊ शकत नाही, तोच आम्हाला फोन लावायचा.

दत्ता त्यातला. पहिल्या फोनला त्यानं विचारलं, "हॅलो, ते... माणूस मरू न्हाई म्हून जे फोन हाय, ते तुमीच का?"

मी म्हणाले, "हो, तेच."

"बरं हाय. मला मरायचं न्हाई. पर पाठ ऐकंना."

किल्लारीच्या पलीकडचं गाव. भूकंपात तो शाळकरी पोर होता, कमरेपासून खाली दगडामातीत गाडलेला, दिवस निघाल्यावर लोकांनी आवाजाच्या दिशेनं उकरून काढला. जीव वाचला, पाठ गेली. तरी हडंब्यावर कट्टे, म्हणजे भरलेली पोती, उचलायचं काम केलं, कारण दुसरं काय करणार. आधी दुखण्यावर कॅप्सूल, मग दोन, मग इंजेक्शन, आणि मग दुखत नसलं तरी. बायको सुरेखा काढणीच्या टोळीत. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, मालक दुपारी झोपतात.

मला तो पहिल्या आठवड्यातच अक्का म्हणायला लागला. बोलका होता, चावट होता. मी विचारायचे, "दत्ता, जागा आहेस ना?" तर म्हणायचा, "न्हाई अक्का, झोपेत बोलायलोय." मी रागवायचे. तो हसायचा. एकदा म्हणाला, "तुमी रागावल्या की लई बरं वाटतंय. घरचं कोणीतरी हाय असं वाटतंय." मी म्हणाले, "पाणी पी." सांगायला लाज वाटत नाही, मी त्या दुपारच्या फोनची वाट बघायचे. तो घ्यायला बसतो म्हणून फोन येतो हे कळत होतं, आणि तरी वाट बघायचे.

दर वेळी पत्ता तोच. मारुतीच्या पारासमोर, पाटील गल्लीच्या तोंडाला, पडवीला निळा रंग. तो सांगायचा आणि माझ्या डोळ्यासमोर जागा उभी राहायची, कारण ती जागा मी पाहिलेली होती. भूकंपानंतर आम्हा सिस्टरांना तिकडं ड्युटीवर पाठवलं होतं. मी तेव्हा नवी, लग्न होऊन वर्ष झालेलं. त्याच पाराजवळ आमचा तंबू होता. दत्ताला मी हे सांगितलं तेव्हा तो केवढा खूश झाला! "मंग तुमाला काय पत्ता सांगायचा, अक्का!" मलाही भारी वाटलं. संस्थेतल्या पोरींना मी सांगायचे, मला नकाशा लागत नाही, मी तिथं राहिलेली बाई आहे.

त्या दुपारी तो भाकरीबद्दल बोलत होता. सुरेखा करून गेलेली, आमटी गार झालेली, खावी का नको. बोलता बोलता एक वाक्य अर्धं राहिलं. मी म्हणाले, "दत्ता?" काही नाही. "दत्ता! ए दत्ता!" मग घोरणं ऐकू आलं. माहीत नसलेली माणसं म्हणतील झोपला. मी सिस्टर आहे, ते घोरणं झोपेचं नव्हतं. घशात पाणी अडकल्यासारखा एक ओढलेला आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग परत एक. मी माझ्या मोबाईलवरून अँब्युलन्सला कळवलं, पत्ता घडाघडा सांगितला. गाडी जवळच होती. हायसं वाटलं. मी लाईनच्या फोनवर दत्ताला हाका मारत राहिले.

थोड्या वेळानं ड्रायव्हरचा फोन आला. "मॅडम, मारुतीच्या पारापाशी आलो. आता फुडं?"

"समोरच घर. निळी पडवी."

"समोर घर न्हाई, मॅडम. बाभळी हायत. दगडं हायत. एक म्हातारा शेळ्या चारायलाय."

"नीट बघा हो!"

त्यानं म्हाताऱ्याला विचारलेलं मला ऐकू आलं. म्हातारा सावकाश म्हणाला, "हितं कोण राहतंय बाबा? भूकंपापसून हितं कोणी न्हाई. गाव तिकडं हाय, नवं. दत्ता म्हंता? दोन हायत. दोगंबी रानात गेलेत."

दत्तानं मला पडलेल्या गावातला पत्ता दिला होता. खोटा नव्हता दिला. त्याच्या मनातलं घर तेच होतं, लहानपणीचं, म्हणून कोणी विचारलं की तोंडातून तेच यायचं. आणि मी? ज्या बाईनं ते पडलेलं गाव आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्या बाईला एकदाही वाटलं नाही, की अगं, तिथं आता कोण राहणार! माझ्याही मनात ते गाव तसंच राहिलेलं. दोघांनी मिळून नसलेल्या घराचा पत्ता दर दुपारी लिहिला आणि फाडला. शहाणपणा मिरवायला गेले आणि तिकडं एका माणसाचा श्वास सुटत चालला होता.

नवं गाव जवळच होतं. पण तिथं सरकारी घरं, एका रांगेत, एकासारखं एक. गावातले दोन्ही दत्ता रानात, म्हणजे दत्ता हे नावही खरं नाही, हे आता कळलेलं. गावात विचारायला माणूस नाही. मी दोन्ही फोन दोन कानांना धरून उभी होते, आणि एका कानात तो ओढलेला आवाज अजून येत होता. तेवढाच धागा होता. मी ड्रायव्हरला ओरडले, "भोंगा चालू ठेवा आणि पहिल्या गल्लीतून हळू चला. फोन कट करू नका!"

डाव्या कानात भोंगा मोठा. उजव्या कानात दत्ताचा श्वास, आणि त्याच्या मागं काहीच नाही. पहिली गल्ली. दुसरी गल्ली. मग उजव्या कानात, लांबून, डासाएवढा, भोंगा. "येतोय! पुढं चला!" थोडा वाढला. मग कमी झाला. "मागं घ्या, मागं! डावीकडं वळा!" ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तुमी हायत कुटं नेमक्या?" मी म्हणाले, "लातूरला आहे, तुम्ही वळा!" वाढला. वाढला. उजव्या कानात इतका मोठा झाला की त्यात श्वास ऐकू येईना. "थांबा! इथंच! डावं-उजवं दोन्ही दारं बघा, कडी काढलेली असेल!"

दार वाजलं. माझ्या कानात वाजलं. चपला, धावपळ, काहीतरी भांडं कलंडलं, आमटीचं असेल. गाडीतल्या डॉक्टरचा आवाज, "हाय का? हाय, हाय, हाय!" मग कोणाच्या तरी हातून दत्ताचा फोन बंद झाला. मी खाली फरशीवर बसले. त्या पोरसवदा डॉक्टरणीनं पाणी आणून दिलं.

संध्याकाळी कळलं, वाचला. उतारा मिळाला, शुद्धीवर आला, डॉक्टरला म्हणाला, भूक लागली.

मी कागद फाडायला घेतला आणि फाडवेना. तो पत्ता अजून माझ्या पाकिटात आहे. नियमात बसत नाही, पण आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच्या नंबरवरून फोन आला. मी आनंदानं उचलला, "दत्ता, मेल्या, काय जीव घेतलास माझा!" तिकडून बाईचा आवाज आला. सुरेखा. भोंगा ऐकून सगळं रान गावात पळत आलं होतं, हाताला पायमोजे तसेच, आणि सगळ्यांच्या देखत तिला कळलं होतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमाला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "रोज दुपारी तुमाला म्हाईत व्हतं. लातूरला बसून. आन मी एका घरात ऱ्हाते, मला न्हाई."

मी म्हणाले, "अहो, आमचा नियम..."

"कसला नियम? मेले असते तर मला काय सांगितलं असतं? नियम?" फोन ठेवला.

त्यानंतर तो नंबर आला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. कोणाची मूठ आणि कोणाचे सव्वा लाख? त्या मुठीत दत्ता गुदमरत होता आणि मी बाहेरून मूठ घट्ट धरायला मदत करत होते, असं मला रात्रंदिवस वाटायचं. मग लगेच दुसरं वाटायचं, की आधी सांगितलं असतं तर त्यानं फोनच लावला नसता, त्या ट्रक ड्रायव्हरसारखा. मग तो असाही सापडला नसता. दोन्ही खरं. असं दोन्ही खरं असलं की माणसाला झोप लागत नाही.

आता लाईन घरूनही घेता येते, मी आठवड्यातून काही दुपारी नांदेडहून बसते. पत्ता लिहिताना आता मी पोलिसासारखी खोदते. घर नवं का जुनं? समोर आज, या मिनिटाला, काय दिसतंय? शेजारी कोण आणि ती रानात गेली का? लोक वैतागतात. वैतागू देत. आणि प्रत्येकाला मी एकदा, एकदाच, विचारते, की घरातल्या एकाला तरी सांगावंसं वाटतं का. नियमाच्या काठावरचं आहे हे. काहीजण फोन ठेवतात. पण दत्ताच्या नंबरचं काय? तो नंबर गप्प राहिला म्हणजे तो सुधारला, का पुन्हा एकटाच घ्यायला लागला, का गेला? बऱ्या झालेल्या माणसाचा फोन येत नाही आणि मेलेल्याचाही येत नाही. आपण लावायचा नाही. किती वेळा मी नंबर काढून बोट वर धरलं असेल, मास्तरांना विचारा. ते म्हणायचे, "लाव ना एकदा, कोण फाशी देतंय?" लावला नाही. नियमाची भीती नव्हती. सुरेखा काय सांगेल याची होती.

गेल्या मंगळवारी दुपारी लावला तो तिनं.

नंबर बघितला आणि लगेच उचलला. मी "दत्ता?" म्हणाले. बाईचा आवाज आला, "मी सुरेखा. तुमी त्याच न्हवं?"

मी खुर्चीचा हात धरला आणि विचारलं, "कधी गेला?"

"कुटं जायलेत? हितंच हायत, पडलेत," ती म्हणाली. तिचा आवाज धारदार, घाईचा. "दवाखान्यात नेलं व्हतं, चार-पाच म्हैने लई चांगलं व्हतं. सोयाबीन आलं, कट्टे उचलले, पाठ धरली. आता घेतलंय त्यांनी. माझ्यासमोर घेतलंय, मला सांगून घेतलंय. मी आज रानात गेले न्हाई. मला फकस्त एवढं सांगा, झोपलेत का जायलेत, हे कसं वळखायचं?"

मास्तर पेपर खाली ठेवून माझ्याकडं बघत होते. मी एवढंच म्हणू शकले, "थांब, सांगते." मग तीस वर्षांची सिस्टर आपोआप बोलायला लागली. आधी कुशीवर वळव. लिंबू, ताक, पाणी, तोंडात काही घालायचं नाही, कांदा हुंगवत बसायचं नाही. ओठ बघ, निळे तर नाहीत? हाताचा पंजा छातीवर ठेव. छाती वर आली की एक. मोठ्यानं मोज, मी घड्याळ बघते. एका मिनिटात दहाच्या आत राहिलं तर मी या फोनवर आहे, दुसऱ्या फोनवरून गाडी बोलावते. पत्ता मात्र आज तू सांग.

तिनं पत्ता सांगितला. नवं गाव, तिसरी गल्ली, घराचा नंबर, पाण्याच्या टाकीपासून कितवं, समोर कोणाचा ट्रॅक्टर उभा असतो तेसुद्धा. मग मोजायला लागली. "एक." मी भिंतीवरच्या काट्याकडं बघत होते. "दोन. तीन." मधे थांबली. "चार. पाच." मास्तर उठून माझ्याजवळ आले. "आठ. नऊ." काटा अर्ध्याच्या पुढं गेलेला. "धा." ती प्रत्येक आकडा जमिनीत खुंटी ठोकावी तसा म्हणत होती. "अकरा. बारा." माझे डोळे वाहायला लागले होते आणि काटा दिसेना, मास्तरांनीच बोटानं दाखवलं, अजून थोडं. "तेरा. चौदा."

तेवढ्यात मागून एक जड, झोपाळलेला आवाज आला. "काय मोजायलीस गं? कट्टे हायत का सोयाबीनचे?"

"गप पडा," सुरेखा म्हणाली. "तुमी श्वास घ्या नुसता."